पोटाचा रंग सुटला तेव्हा

पथारीवर मिरची वाळू लागली, तिचा तिखट वास नाकात शिरला, की मला पोटाची ती तपासणी आठवते. तेव्हा पोटात अशी आग होती, की माझ्या ढेकरेवर अख्ख्या नंदुरबारच्या भाकरी भाजून निघाल्या असत्या. डॉक्टरांनी अजगराएवढी नळी घशातून उतरवली, आतला तीळभर तुकडा खुडून पिवळ्या औषधात ठेवला आणि "रंग बदलतो का बघू," म्हणत बाहेर गेले. मी पडलो मिरचीचा व्यापारी. पेल्यातल्या पाण्यात चिमूटभर तिखट टाकायचं आणि रंग सुटला की माल भेसळीचा, फेकून द्यायचा, एवढंच मला कळतं. बघता बघता तुकड्याभोवतीचं पिवळं गुलाबी झालं. माझे वडील पोटाच्या कॅन्सरनेच गेले होते. "रंग सुटी गया वं," मी शेजारी उभ्या बायकोला म्हणालो, "मन्हा माल खराब शे. पोरनं लगन आते तूच करी टाकजो." "गप ऱ्हावा, डॉक्टरले तर येऊ द्या," ती म्हणाली, पण माझा दंड तिने असा आवळला, की हाड मोडायचंच बाकी होतं. डॉक्टर आले आणि गुलाबी रंग बघून चक्क खूश झाले. "सापडला. पोटात जंतू आहे. त्याच्यातल्या युरिएज नावाच्या द्रव्यामुळे औषधात अमोनिया होतो, म्हणून रंग बदलला. गोळ्यांनी जाईल. आत साधी जखम आहे, कॅन्सरसारखं काही दिसत नाही." तेव्हा कुठे बायकोने दंड सोडला आणि ती रडायला लागली. आजही पेल्यात तिखट टाकलं, की माझा दुसरा हात आधी पोटावर जातो आणि मगच मी पाण्याकडे बघतो.