ओठांवरची उपासना

माझा आवाज गेला तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. गळ्यातली थायरॉईडची गाठ काढायची होती. ऑपरेशनमुळे आवाजाला धक्का बसू शकतो हे डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं, आणि मी मान डोलावून सही केली होती. असं दुसऱ्यांचं होतं, आपलं होत नाही, असं माणसाला वाटतंच. माझं झालं. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं, तर घशातून नुसती हवा बाहेर आली.

तोवर सत्तावीस वर्षं सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचं गाणं माझ्याकडे होतं. निवृत्त होईपर्यंत आठवडाभर शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी गायनमंडळाच्या पुढे उभी राहायचे. नाताळात दुसऱ्या मंडळ्यांतली माणसंही ऐकायला यायची. मी देवाची सेवा करते असं मी म्हणायचे, आणि मला ते खरंही वाटायचं. आवाज गेल्यावर मी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसायला लागले. माझ्या जागी आलेल्या तरुण बाईचा सूर कुठे उतरतो, ते मात्र बरोबर माझ्या लक्षात राहायचं.

चारेक महिन्यांनी चर्चच्या पाळकांच्या पत्नी, आमच्या पाळकीणबाई, घरी आल्या. म्हणाल्या, "विणकर वस्तीत आपल्या एक मावशी आहेत. बारीक अक्षर दिसत नाही त्यांना. आठवड्यातून दोनदा पवित्र शास्त्र वाचून दाखवाल का?"

मी घोगऱ्या, फाटक्या आवाजात विचारलं, "ऐकू येतं का त्यांना?"

"नाही. अजिबात नाही."

मला रागच आला. मुकीनं बहिरीला वाचून दाखवायचं, ही कसली सेवा? पाळकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "एकदा जाऊन तर बघा."

मावशी ऐंशीच्या पुढच्या. घरची भाषा तेलुगू. नवरा केव्हाच गेलेला. तीस वर्षं त्यांनी यंत्रमागांच्या शेडमध्ये सूत गुंडाळून कांड्या भरल्या होत्या, आणि त्या खडखडाटात कान गेले होते. दाराशी उभं राहून, घसा दुखतोय, असं मी जीव तोडून सांगायला लागले. त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीप्रमाणे म्हणाल्या, "सलाम, बाई. आत या की. घसा दुखतोय म्हणता, मग ओरडताय कशाला? नुसते ओठ हलवा."

मी चपला काढून आत गेले. त्या हसल्या. "मागाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय? आमी सगळ्या बाया तोंड बघूनच बोलायचो. तेलुगू बी, मराठी बी."

मी बायबलातलं एक स्तोत्र काढलं आणि आवाज न काढता वाचायला लागले. त्या समोर स्टुलावर बसून बघत होत्या. मध्येच हात वर करून थांबवायच्या. "पळू नका. शब्द गिळताय तुमी." उभी हयात मुलांना शुद्ध उच्चार शिकवले, आणि आता कांड्या भरणारी बाई माझे उच्चार सुधारत होती. वाचन संपल्यावर त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. तीत शेजारच्या रिक्षावाल्या मुसलमान कुटुंबातली झाडून सगळी माणसं होती, आणि शेवटी माझा घसाही होता.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागले. एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, "देवळात गाताना कुणाकडं बघत होता?"

या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ होती. पण त्या ओठ बघत होत्या. तिथे खोटं जमेना. म्हणाले, "लोकांकडे. कुणाला आवडलं, कुणाला नाही, ते बघायचे."

"मी बी मुकादमाकडं बघायची," त्या सहज म्हणाल्या. "तो आला की हात भराभर, गेला की हळू. मग एक दिवस वाटलं, देव काय मुकादमासंगं येतो-जातो व्हय? तवापासून हात एकसारखा ठेवला."

त्यांनी मला उपदेश केला नाही, कपात आणखी चहा ओतला. पण त्याच रविवारी मी त्या तरुण गायिकेला गाठलं आणि तिच्या गीतांच्या पुस्तकात श्वास कुठे घ्यायचा त्या जागांवर पेन्सिलने खुणा करून दिल्या. तिचे डोळे भरून आले. मला मात्र हलकं वाटलं.

पावसाळा संपताना मावशी म्हणाल्या, "सहा वर्सं झाली, प्रभुभोजनाला, भाकर आन् द्राक्षरस घ्यायला, गेली न्हाई. नुसतं बसून काय करू? डोळं अधू झाल्यापासनं पाळकांचे ओठ लांबून दिसत न्हाईत, काय बोलतात कळत न्हाई."

मी म्हणाले, "मी सांगते. तुम्ही चला."

रविवारी सकाळी शेजारच्या भाईंनी रिक्षा दाराशी लावली. "अम्मा, हाथ पकडो," म्हणत त्यांनी मावशींना आधार देऊन बसवलं. देवळात मी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले, वेदीकडे पाठ करून. पाळक एक वाक्य बोलले की मी ते ओठांनी मावशींना सांगायचे. गीत सुरू झालं तेव्हा शब्द सांगितले आणि हाताने त्यांच्या गुडघ्यावर ताल धरला. मावशी मोठ्याने गायला लागल्या, आपल्याच सुरात, आपल्याच तेलुगूत. मागे कुणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही. त्या तासाभरात कोण कसं बघतंय, याचा विचार करायला मला सवडच नव्हती.

उपासनेनंतर मंडळीतले एक वडीलधारे मला म्हणाले, "बाई, वेदीकडे पाठ करणं बरं दिसत नाही."

पूर्वी असं झालं असतं तर मी आठ दिवस कुढले असते. त्या दिवशी म्हणाले, "दादा, मावशींचं तोंड वेदीकडे होतं. मी त्यांच्यासाठीच तिथे बसले होते." पाळक शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मी जरा सावकाश बोलेन." त्यावर वडीलधाऱ्यांनी माझी लाकडी खुर्ची काढून गादीची आणून ठेवायला सांगितली.

याला आता वर्ष होत आलं. माझा आवाज परत आलेला नाही, आणि येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. मावशींच्या बाकावर त्यांच्याच शेडमध्ये काम केलेल्या आणखी दोघी येऊन बसतात. त्यातली एक ख्रिस्ती नाही. मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून आली आणि यायला लागली. तिला मराठी कमी कळतं, म्हणून मी तेलुगू शिकायला घेतलंय. मावशी मला समोर बसवून, ओठ बघत, एकेक शब्द घोटवून घेतात आणि चुकले की पुन्हा म्हणायला लावतात.