जाळीला दार

"जाळीला दार कशाला पाहिजे?" आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनियर साहेबांनी ड्रॉइंग माझ्याकडे परत सरकवलं. "उद्या एखादं पोर आत पडलं तर जबाबदार कोण? मी की तू?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. मीच.

मी महापालिकेत ज्युनियर इंजिनियर. मानपाड्याकडचं एक गावठाण माझ्या वॉर्डात येतं. गावठाण म्हणजे गावाची मूळ वस्ती. आता तिच्या चारी बाजूंना टॉवर आहेत. नव्याने निवडून आलेल्या नगरसेविका याच गावच्या, आगरी. सगळा वॉर्ड त्यांना ताई म्हणतो. निवडून आल्या आणि कामाचा सपाटाच लावला. गटारांवर झाकणं, गल्लीत दिवे, म्हाताऱ्यांना बसायला बाकडी. सकाळी मोबाइल वाजला की मी समजायचो, ताई कुठल्या तरी गटारापाशी उभ्या आहेत.

मग विहिरीचा नंबर लागला. गावाची जुनी, दगडी विहीर. समोरच्या टॉवरमधल्या साळुंखेकाकूंनी तक्रारींनी आमचं डोकं उठवलेलं. "डास होतात, कचरा पडतो, बुजवून टाका एकदाची." विहीर बुजवायला ताई तयार नव्हत्या. शेवटी तोडगा निघाला: वरून लोखंडी जाळी, तिच्यावर डासांची बारीक जाळी, आणि सगळी वेल्डिंगने पक्की बंद. मी एस्टिमेट केलं, म्हणजे कामाचा आणि खर्चाचा अंदाज. मंजूरही झालं.

साइटवर माप घ्यायला गेलेलो, तेव्हा ताईंची आई काठी टेकत आली. आजी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधींची गाणी, म्हणजे धवले, गाणारी बाई. गावात आता ती एकटीच उरलेली.

"बंद करतास काय रं?" तिने विचारलं. "माझे नातीचं लगीन हाय. या पान्याशिवाय पोरीला हलद लागाची नाय."

"आये, टँकर मागवते ना," ताई म्हणाल्या.

"टँकरला काय धवले गावू?"

ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, माझ्या हळदीचं पाणी इथलंच. आईला आता दम लागतो. हे तिचं शेवटचं गाणं असेल. दार ठेवा ना."

म्हणून मी साहेबांपुढे उभा होतो. दाराला कुलूप, चावी ताईंच्या घरी, उघडताना आमचा माणूस हजर, असं सगळं कबूल केल्यावर त्यांनी सही केली. "पोर पडलं तर तुला आधी आत टाकीन," हेही ऐकवलं.

हळदीच्या दिवशी आमचा माणूस म्हणून मीच गेलो. बेंजो वाजत होता. करवल्या कळशी घेऊन आल्या. मी कुलूप काढलं. आजीने हळदकुंकू वाहिलं आणि धवला सुरू केला. आवाज बारीक, पण थेट काळजात जाणारा.

कळशी आत सोडली. दोर संपला, तरी पाणी लागेना. दोर आजीच्या माळ्यावरचा, तिच्या जमान्यातल्या पाण्याला पुरणारा. मधल्या काळात टॉवरवाल्यांनी बोअर मारलेले, पाणी खोल गेलेलं. मी जाळी मापली, दार मापलं, पण दोर काही माझ्या एस्टिमेटमध्ये नव्हता. बेंजो थांबला. आजी मात्र गातच राहिली, थांबली तर पुन्हा दम यायचा नाही म्हणून.

तेवढ्यात टॉवरच्या गेटमधून साळुंखेकाकू आल्या. मला वाटलं, आता आवाजाची तक्रार. त्यांच्या हातात कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती, चिमटे अजून तिलाच लटकलेले.

"ही बांधा," त्या म्हणाल्या. चिमटे काढून गाठही स्वतःच मारली. कळशी खाली गेली आणि बुडाल्याचा आवाज आला. करवल्या दोर धरायला पुढे झाल्या, तशा काकू अडखळत म्हणाल्या, "मी ओढू का गं? माझ्या माहेरी आड होता. आता आडही नाही आणि आईही नाही."

ताईंनी दोर त्यांच्या हातात दिला. काकूंनी कळशी वर घेतली, एक थेंब न सांडता. डोळ्यांतलं पाणी मात्र आवरलं नाही. आजीने गाता गाताच त्यांच्या कपाळाला हळद लावली.

लग्न पार पडलं. पुढच्या सोमवारी काकूंची नवी तक्रार आली: जाळीचं दार कायम बंद का असतं? साहेबांनी मला विचारलं, "या बाईला नक्की हवंय काय?"

मी एवढंच शिकलो, की विहिरीवरची तक्रार घेताना तक्रार करणाऱ्याचं माहेरही विचारावं. माझ्या कोकणातल्या घरची विहीर काकांनी केव्हाच बुजवली. त्या दिवशी दोर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. पण मीही गावाला साहेब पडलो ना, 'मी ओढू का' न विचारता कुलूप हातात धरून उभा राहिलो.