कलता खांब

म्हाळूमामा राहू गावचे गवंडी. साठीला आले होते आणि दौंडला आमच्या रेल्वे वसाहतीमागे राहत. कवठे येमाईच्या देवळाचा चौथरा त्यांनीच बांधला, पण कळस चढला त्या दिवशी त्यांना पंगतीबाहेर बसवून वाढलं. पाटीवर देणगीदारांची नावं. "आपलं नाव एकाबी दगडावर न्हाई, बाई," असं ते मला एकदा म्हणाले होते.

चौऱ्याहत्तरचा रेल्वे संप मोडल्यावर युनियनने हुतात्म्यांचा खांब उभारायचं ठरवलं. सेक्रेटरी जयसिंग राहूच्याच पाटलांच्या घरातला. त्याने एका रशियन मासिकातलं चित्र आणलं. त्यात काँक्रीटचा उंच खांब होता, पुढे कललेला.

"असाच पायजे. खाली तुझं नाव कोरू, म्हाळू. गवंडी म्हणून."

मामांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "जयसिंगराव, ह्यो पडायला लागलाय."

"पडत न्हाई येड्या, पुढं चाललाय."

सगळे हसले. जन्मभर ओळंब्यात भिंती उभारलेल्या त्या माणसाने दर रविवारी फुकट राबून खांब कलता ओतला. महिनाभर टेकू हलवू नका, असं त्यांनी बजावलं होतं. पण पाहुणे एक मेला येणार होते आणि शेवटच्या काँक्रीटला जेमतेम दहा दिवस झाले होते.

"लाकडाच्या टेकूवर उभी क्रांती दावू व्हय पाव्हण्यास्नी?" जयसिंग माझ्यादेखत म्हणाला. "टेकू काढ. न्हाईतर तात्याबा गवंडी काढंल, आन् नावबी त्याचंच कोरू."

टेकू काढायच्या दिवशी सकाळी मामा आमच्या दारात आले. "बाई, पोरीला आज तिकडं धाडू नका." मी मुलीला घरात घेऊन कडी लावली. वसाहतीत दुसऱ्या कोणालाही सांगितलं नाही.

मामांनी तिसरा टेकू काढला आणि खांब अंगावर आला. मामांचा उजवा पाय पुण्याला नेऊन गुडघ्यापासून कापला.

युनियनने चौकशी समिती नेमली. त्यात आमचे हेही होते. "तू काही ऐकलेलं नाहीस," ते मला म्हणाले. "आपल्याला मुलगी आहे." मी समितीपुढे गेले नाही.

पावसाळा संपता संपता मामा कुबड्या टेकत आले. त्यांना समितीचा कागद मिळाला होता. वाचता येत नव्हतं.

"माझं नाव हाय का त्यात?"

मी वाचलं. गवंडी म्हाळू रामा ओव्हाळ यांनी कोणाचाही आदेश नसताना, स्वतःच्या हाताने मुदतीआधी टेकू काढले. नुकसानीस तेच जबाबदार.

"आडनावासकट लिवलंय?"

"हो."

"जयसिंगरावांचं?"

"खाली सही आहे."

"आन् तुमच्या मालकांची?"

"आहे."

त्यांनी कागद घेतला, चार घड्या करून खिशात ठेवला.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

मी हो म्हटलं.