लीलाबाईंचं गप्प बसणं

पोस्टातून रिटायर झाल्यापासून गढ्यात राहणाऱ्या लीलाबाईंचा सगळा जीव रविवारच्या फोनवर येऊन थांबला होता. विहारातून वंदना करून आल्या की चहासुद्धा न घेता त्या फोन घेऊन बसत. लेक एकता जिनिव्हाला. प्लास्टिकच्या कचऱ्यावर साऱ्या देशांचा मिळून एक करार करायचा घाट घातला होता, त्या बैठकांच्या कार्यालयात ती नोकरीला. नोकरीची मुदत संपली की घरीच येणार, असं जाताना सांगून गेलेली. करार काही होईना, मुदत मात्र संपत आली होती. लीलाबाईंना त्याचा आनंदच होता, उगाच खोटं कशाला सांगा!

"मतं घेऊन मोकळे काहून नाही होत तुम्ही?" त्यांनी एकदा विचारलं.

"मतं घ्यायची की नाही, यावरच अटकलंय ना आई. म्हणून सगळ्यांच्या संमतीनं चालतं. अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही, तर हातोडा मारतात. ठरलं."

लीलाबाईंच्या घरात उलटं होतं. एकताचे वडील अंबादास होते तोवर काहीही विचारायचे. बायको गप्प राहिली की समजायचे, नाही. तो विषय पुन्हा निघत नसे.

मग एका रविवारी एकता म्हणाली, "अच्छा, सुन ना. इथं कायमची नोकरी देऊन राहिले. घेऊ? तुझी हरकत नाही ना?"

लीलाबाई गप्प राहिल्या. चांगल्या गप्प राहिल्या.

"चलो, ठरलं मग," एकता म्हणाली. किती खुश होती पोरगी.

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी सांगून टाकलं, "मी गप्प होती म्हणजे नाही म्हटलं होतं, बाई."

"मी तर सही करून दिली," एकता हळूच म्हणाली. "नकार कळवू?"

आता गप्प राहून भागणार नव्हतं. "नको," लीलाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं हातोडा पडल्यावर कोणाला बोलता येते काय?"

"येतं. आपलं म्हणणं अहवालात लिहून घ्यायला सांगतात. निर्णय तोच राहतो."

"मंग लिहून घे," लीलाबाई म्हणाल्या. "मला तू इथं पाहिजे होती."