सासूबाईंची गादी

माझ्या मुलीची छाती पहिल्यांदा वाजली तेव्हा ती चार वर्षांची होती. पहाटेची वेळ. सासूबाईंच्या कुशीतून उठून ती पलंगावर बसली होती. खांदे वर ओढलेले, नाकपुड्या फुललेल्या, आणि श्वासागणिक शिट्टीसारखा आवाज. मी तिला उचलून दारात नेलं, पाठ चोळत बसले. चांगलं उजाडल्यावर तिला उतार पडला.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही बोईसरला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. नवरा एका रसायनांच्या कारखान्यात होता. मी तिथेच टायपिस्ट म्हणून लागले आणि तिथेच आमचं जमलं. मी नवापूरची, मच्छीमारांच्या घरातली. तो देशावरचा, शाकाहारी घरातला. लग्नानंतर मी मासळी सोडली. 'आम्ही काही तिला सोडायला लावली नाही,' असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. ते खरंच होतं. त्यांनी फक्त एकदा माझ्या तव्याकडे बघून पदर नाकाला लावला होता.

माझी आई सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. माल संपला की नातीला बघायला यायची. टोपली बाहेर पायरीशी ठेवायची, पाय धुवायची आणि मगच आत यायची. पोर धावत जाऊन तिच्या मांडीवर चढायची.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, "बाळदमा आहे. कसल्या तरी वासाने होत असेल. उग्र वास टाळा."

वारा फिरला की कारखान्यांकडून सडक्या अंड्यांसारखा वास यायचा, डोळे चुरचुरायचे. पण त्या वासावर आमची चूल पेटत होती, त्याला कोण नाव ठेवणार? सासूबाईंना उग्र वास एकच ठाऊक होता.

पुढच्या खेपेला आई आली तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. "विहीणबाई, राग मानू नका. तुमच्या वासाने पोरीला दम लागतो. डॉक्टरांनीच सांगितलंय."

आईने स्वतःचा पदर हुंगून पाहिला. खरंच तपासून बघत असावी तसा. "बरं," ती म्हणाली. "पुडच्या येली आंगोल करून येते."

आणि आली. बाजाराचा दिवस नसताना, न्हाऊन, घडीचं लुगडं नेसून, टोपलीशिवाय आली. उंबऱ्याबाहेर बसून नातीशी बोलली, चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरीची छाती पुन्हा वाजली.

"नुसतं अंग धुऊन वास जातो होय?" सासूबाई म्हणाल्या. नवरा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

बाहेरचा कसलाच वास आत यायला नको म्हणून घराच्या खिडक्या तेव्हापासून बंद झाल्या. आत ओल धरली. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीशी सासूबाईंचा पलंग होता, आणि त्यावर त्यांची लग्नातली कापसाची गादी. पोर रोज त्यांच्याजवळ त्या गादीवरच झोपायची; आजारी पडली की त्या तिला दिवसाही तिथेच कुशीत घ्यायच्या, वरून रजई घालायच्या. त्यांचा तिच्यावर जीव होता, हे मला कबूल करावंच लागतं. गादी उन्हात टाकू का, असं मी एकदा विचारलं होतं. "कारखान्याची काजळी बसेल," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

पोर सहा वर्षांची असताना सासूबाई आणि नवरा गावी एका लग्नाला गेले. मी मुलीला घेऊन चार दिवस नवापूरला राहिले. घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते, वास अंगाला चिकटत होता. पोर दिवसभर त्यांच्याखाली खेळली आणि सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून आजीजवळ झोपली. चार दिवसांत एकदाही खोकली नाही.

"बग," आई म्हणाली, "हिला वास नाय बादत. तुज्याच घरात काय तरी हाय."

मी म्हटलं, "समुद्राची हवा मानवली असेल."

परत आलो आणि दोन दिवसांत तिला इतका जोराचा दम लागला की इंजेक्शन द्यावं लागलं. "तिकडे नेलंस, भोग आता," सासूबाई म्हणाल्या. मी चार दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्यांचंच खरं मानलं. पोरीचे निळसर ओठ बघितले की माणूस काहीही मानतं.

त्याच आठवड्यात मी बाजारात गेले. आई गिऱ्हाईकाला सुकट देत होती. तिचं होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आई, तू आता घरी येऊ नकोस."

तिने वाद घातला नाही. "पोरीचा जीव पयला," ती म्हणाली. "आमी नाय येत."

पुढच्या वर्षी आईला कावीळ झाली. मी एकटीच भेटायला गेले. तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "एकलीच आयलीस?" आठ दिवसांनी ती गेली. तेव्हाही मुलीला मी नेलं नाही.

मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. त्यांनी तिच्या हातावर ओळीने थेंब टाकले, प्रत्येकात सुई टोचली आणि आम्हाला बाहेर बसवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर एकाच थेंबाखाली बोराएवढी गांध उठली होती.

"हा मासळीचा ना?" मी विचारलं.

"नाही, मासळीचा हा. काहीच नाही इथे," त्या म्हणाल्या. "गांध आली ती घरातल्या धुळीतल्या किड्यांची. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. गादीत, उशीत राहतात, आपल्या अंगाची गळलेली कातडी खातात. ओल असली की फार वाढतात. त्यांची विष्ठा श्वासाबरोबर आत जाते. मुलगी कशावर झोपते?"

नवऱ्याने सांगितलं, "आईच्या गादीवर." त्यानेच घरी येऊन गादी गुंडाळली आणि बाहेर नेली.

"त्याच गादीवर तू वाढलास, तुला काय झालं?" सासूबाई रडत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तेव्हा डॉक्टरच तसं म्हणाले होते. माझी काय चूक?"

मी खिडक्या उघडल्या. त्या दिवसापासून मुलगी सतरंजीवर झोपू लागली. चादरी मी दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढायचे. तिचा दम पुष्कळ कमी झाला. आईचं नाव मात्र त्या घरात कुणी काढलं नाही, सासूबाई जाईपर्यंत नाही.

कॉलेजात असताना मुलीने एकदा विचारलं, "नवापूरची आजी आपल्याकडे यायची बंद का झाली?" सासूबाईंचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण बाजारात जाऊन सांगितलं होतं ते मी.

"मीच तिला येऊ नको म्हटलं," मी म्हणाले.

ती उठून आतल्या खोलीत गेली. त्यानंतर तिने आजीबद्दल मला काही विचारलं नाही.