स्टेशनपासून घरापर्यंत

माझा मुलगा जपानमधल्या ज्या शहरात नोकरी करतो तिथे मी कधी गेले नाही. पण त्याचा स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता मला इथे आखातात, अबू हलीफातल्या माझ्या गल्लीपेक्षा जास्त पाठ आहे. तिकडे म्हणे बसमध्ये, ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत. आमच्या बसमध्ये शेजारच्याच्या घरातलं भांडणसुद्धा आपल्याला तोंडपाठ होतं! म्हणून तो स्टेशनाबाहेर आला की मगच व्हिडिओ कॉल लावतो. त्याच सुमाराला, इकडच्या दुपारी, माझी हॉस्पिटलमधली ड्युटी सुटते. मी घामाने निथळत स्टॉपवर उभी, आणि तो मला दिव्यांच्या उजेडात त्याच्या रस्त्याने फिरवत असतो. आधी रस्ता ओलांडायचा, पाखरासारखा चिवचिवणारा सिग्नल, मग न्हाव्याचं दुकान, दातांच्या डॉक्टरच्या दारातल्या निळ्या कुंड्या, चढ, आणि "आई, पोचलो. बाय."

एकदा बोलता बोलता निळ्या कुंड्या मागे गेल्या आणि थोड्या वेळाने परत समोर आल्या.

"अरे, घर मागे राहिलं ना?"

"आय नो."

"रोज असाच फिरतोस?"

"घरी जाऊन काय करू, आई? भिंतींशी बोलू?"

मला रागच आला, त्याचा, त्या शहराचा, माझा स्वतःचा.

"बस झालं. सोड ती नोकरी आणि घरी ये!"

"घरी म्हणजे कुठे?"

त्याचा जन्म इथल्याच सालमियातला, शाळा इथली, मित्र इथले. पण मुलगा मोठा झाला की बापाच्या नावावरचा इकामा संपतो, आणि इकाम्याशिवाय इथे राहता येत नाही. आता आला तरी पाहुणा म्हणून येणार, चार दिवसांसाठी. त्याचे बाबा गेले तेव्हाही तो असाच येऊन गेला. रत्नागिरीचा फ्लॅट आम्ही हौसेने घेतला, पण तिथे तो फक्त सुट्टीत राहिलेला. खालच्या दुकानदाराशीही हिंदीत बोलायचा. परतायला घर लागतं, आणि आम्ही जन्मभर कमावून त्याला तेवढंच दिलं नव्हतं.

"सॉरी, आई. मी सहज बोललो," तो म्हणाला.

माझी बस आली. मी चढले नाही.

"अजून एक चक्कर मार," मी म्हटलं. "मी आहे फोनवर."

तो चालायला लागला. याहून जास्त मला त्याच्यासाठी काही करता येत नव्हतं, आणि पुढेही येणार नाही.