तेरचा टँकर आणि रोमचा पाहुणा

माझ्या घरमालकांइतका परक्याच्या पोटाची काळजी वाहणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल. अट एकच, तो परका दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला असायला हवा. जिवंत माणूस दारात उभा राहिला तर मालक त्याला "बसा" म्हणायलासुद्धा विसरत. पण एखाद्या रोमन व्यापाऱ्याला तेरमध्ये सकाळी न्याहारीला काय मिळत असेल, या विचारात त्यांचा स्वतःचा चहा गार होऊन जाई. मी त्यांच्याकडं खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी काहीही विचारलं नाही. मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "एक सांगा, मिरचीबिगर तुम्ही किती दिवस काढताल?" या घरात तिखट चालत नसावं असं समजून मी घाबरत घाबरत म्हणालो, "आठवडाभर निघेल." "आन् त्यो बिचारा हितं वर्षानुवर्षं राह्यला," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. तो बिचारा म्हणजे आधीचा भाडेकरू, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

मी मुरुम गावचा. तेरच्या दूध सोसायटीत दूध तपासायला माझी नेमणूक झाली आणि त्याच सुमाराला पावसानं तोंड फिरवलं. चाऱ्याअभावी जनावरं विकली गेली, अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जायला लागलं आणि माझ्यापुढं तपासायला दूधच उरलं नाही. सकाळी चार कॅन रवाना केले की पुढचा सगळा दिवस माझा, आणि त्या दिवसाचं करायचं काय ते मला माहीत नव्हतं. ओळखीचं कुणी नाही, तेरणा नदीचं पात्र कोरडं, जेवण डब्यातलं. अशा माणसाला जो कुणी बोलवील त्याच्या ओट्यावर तो जाऊन बसतो. मालकांनी बोलावलं.

तेर हे फार जुनं गाव. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीत अजून मणी आणि खापरं सापडतात. कधीकाळी इथलं कापड बैलगाड्यांनी घाट उतरून बंदरावर जायचं आणि तिथून रोमला, हे गावातल्या सगळ्यांनाच ऐकून ठाऊक होतं. मालकांची शाळा निजामाच्या राजवटीत उर्दूत झाली होती, हैदराबादेत शिकत असताना कुठलंसं रोमचं पुस्तक त्यांनी उर्दूतूनच वाचलं होतं. म्हणून त्यांच्या तोंडी रोम कायम 'रूम' असे आणि तिथला बादशहा 'कैसर'. तहसिलीतली नोकरी संपली, पाठोपाठ बायको गेली, एकुलती मुलगी कळंबला आडत्याच्या घरात नांदत होती, आणि मालक रूमला राहायला गेले. त्यांनी आयुष्यात एकही मणी उचलून घरी आणला नाही. कुणी कौतुकानं खापर दाखवायला आणलं तर म्हणत, "खापराचं काय घिऊन बसलाव? त्यात शिजत काय व्हतं ते बोला!"

आमच्या बैठकीत तिसरा होता दवाखान्यातला कंपाउंडर. बौद्धवाड्यात त्याचं घर होतं, आणि तेरच्या जुन्या स्तूपाबद्दल तो आपल्या अंगणातल्या लिंबाबद्दल बोलावं तसं हक्कानं बोले. "रोमवाले तुमचे लांबचे पाहुणे, आमचे भिक्खू तवा हितंच व्हते, त्यांला इचारा की," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मालकांना हे पटे, म्हणूनच त्याच्याशिवाय त्यांना करमत नसे. बैठकीचा नियम एकच होता: राजे आणि लढाया चपलांबरोबर ओट्याखाली सोडून यायचं. माणसं उठायची कधी, खायची काय, निजायची कशावर, एवढंच बोलायचं. ज्याच्या तोंडून राजाचं नाव निघेल त्यानं दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत तिघांच्याही घागरी लावायच्या. या नियमाचे फटके सगळ्यांत जास्त मालकांनाच बसत, कारण रंगात आले की त्यांच्या तोंडून कैसर निसटायचाच.

'पाहुणा' आम्ही तिघांनी मिळून बसवला होता. बंदरावरून कापड बघायला आलेला एक रोमन व्यापारी, वयानं पोक्त, पोटानं जरा सुटलेला, पचनानं नाजूक. येताना गाडी मिळाली, परत जाताना पाऊस आडवा आला आणि तो तेरमध्येच अडकला, इथपर्यंत आमचं एकमत होतं. पुढं मात्र रोज वाद. त्याला इथलं पाणी सोसलं असेल का? धोतरापेक्षाही लांब वस्त्र अंगाभोवती गुंडाळून तो चिखलातून चालला कसा? आणि खाल्लं काय? "मिरची न्हाय, भुईमूग न्हाय, बटाटा न्हाय," मालक बोटांवर मोजत म्हणत, "चहा तर न्हाईच न्हाय. मग पाव्हणा आला की लोक करत काय व्हते? नुस्तं एकमेकाच्या तोंडाकडं बघत व्हते?" हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर कातर व्हायचा.

रोमन लोक डाव्या कोपरावर रेलून, आडवं पडून जेवतात, हे मालकांनी सांगितलं तेव्हा कंपाउंडरला ते खोटं वाटलं. मग करून बघणं आलं. ओट्यावर घोंगडी अंथरली, मधे पिठलं-भाकरीची ताटं मांडली आणि आम्ही तिघं तिन्ही बाजूंनी आडवे झालो. एका हातानं भाकरी मोडता येत नाही हे पहिल्या घासाला कळलं. मालकांनी दातात धरून मोडायचा प्रयत्न केला, तेव्हा पिठलं त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत उतरलं. शेजारच्या मावशी घागर घेऊन चालल्या होत्या. आम्हाला तिघांना असे लोळताना बघून त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, "काय खाल्लंव रं बाबांनो? दवाखान्यात न्यू का?" कंपाउंडरनं पडल्यापडल्या सांगितलं, "मावशी, दवाखान्याचा माणूस बी हितंच पडलाय."

दुष्काळात पाणी तोलून वापरायची वेळ आली तेव्हा मालकांना त्यातही रोम सापडलं. रोमन माणूस अंगाला तेल चोळून, वाकड्या पात्यानं ते मळासकट खरवडून काढी, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी करडईचं तेल घेतलं, स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं आणि परसात बसून नखशिखांत आंघोळ केली, पाण्याचा थेंब न सांडता. दुपारपर्यंत ते भलतेच खूश होते. मग मुंग्यांना पत्ता लागला. पुढचे दोन दिवस मालक उभ्यानंच बोलत होते, पण चूक कबूल करायला तयार नव्हते. "तेल आपलं चुकलं. त्यांचं जैतुनाचं आसतंय." ऑलिव्हला ते जैतून म्हणत.

आणि एका दुपारी तो प्रसिद्ध प्रकार घडला. आदल्या दिवशी कैसर निसटला होता, त्यामुळं घागरी लावायची पाळी मालकांची होती. त्यांनी घागरी ओट्याच्या कडेला मांडून ठेवल्या आणि टँकर येईस्तोवर म्हणून रोमन हमामाची गोष्ट काढली. आधी कपडे उतरवायची खोली, मग कोमट, मग कढत. उन्हानं करपलेल्या त्या ओट्यावर मालक आम्हाला बोटाला धरून एकेका खोलीतून नेत होते आणि आम्हाला खरोखर घाम फुटला होता. कढत खोलीत कंपाउंडर थांबला. "समदं पाणी तापवायचं कोण?" त्यानं विचारलं. "गुलाम," मालक म्हणाले. "मग त्याचं सांगा. दिवसभर जाळाम्होरं बसायचं त्यानं. त्यो आंघुळ कवा करायचा?" हे मालकांनी कधी वाचलं नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून पाहुण्याच्या जोडीला तो पाणी तापवणाराही आमच्या बैठकीत आला, आणि मालक त्याच्याविषयी नेहमी जरा अदबीनं बोलत. पण त्या क्षणी लांबून टँकरचा भोंगा वाजला. कंपाउंडर म्हणाला, "मालक, टँकर." मालकांनी हात वर केला. "थांबा की जरा! आजून गार पाण्यात उतरायचं राह्यलंय." आम्ही गार पाण्यात उतरलो. निवांत पोहलो. बाहेर आलो तेव्हा टँकर निघून गेला होता, घागरी कडेला कोरड्या उभ्या होत्या, आणि मावशी कमरेवर हात ठेवून समोर. "आता प्या म्हणावं रोमचं पाणी," त्या म्हणाल्या, आणि आपल्या घागरीतलं अर्धं आमच्यात ओतून गेल्या.

हसण्यावारी नेत असलो तरी एक गोष्ट मला दिसत होती. बाकीचे सगळे प्रश्न भांडून का होईना निकालात निघत, एक मात्र मालक रोज पुढं ढकलत. अंधारून यायला लागलं, कंपाउंडर घरी जायला उठला, की ते हळूच म्हणत, "ते समदं ठीक. पर सांजच्याला त्यो बोलत कुणाशी आसंल? त्याची बोली हितं कुणाला येत न्हाय." आणि मग आपणच, "ते उद्या." पाहुण्याच्या नावानं मालक स्वतःचंच बोलत होते. ही बैठक मोडली तर त्यांची बोली समजणारं तेरमध्ये कुणी उरणार नव्हतं. मला त्यांचा जीव तुटताना दिसे, आणि माझाही तुटे.

टँकरची बातमी मावशींच्या मार्फत कळंबला पोचली आणि मालकांची मुलगी एसटीनं हजर झाली. सडसडीत, बापासारखीच रुंद कपाळाची. आल्या आल्या रिकामा रांजण बघितला, चूल बघितली आणि म्हणाली, "अप्पा, उद्याच्या गाडीनं कळंबला चलायचं. म्या काय ऐकणार न्हाय." मालकांचा चेहरा इतका पडला की मला त्यांच्याकडं बघवेना. "आगं, पर पाव्हण्याला टाकून?" ते म्हणाले. ताईंनी माझ्याकडं बघितलं. "ते जेवतेत की डब्यात." शेवटी मालकांनी एकच मागणं मागितलं: आजच्या दिवस बैठकीत बस, मग ठरव.

ताई उंबऱ्यात बसल्या, सुपात रेशनची तांबडी मिलो ज्वारी घेऊन खडे निवडत. मालकांनी जिवाचं रान केलं. विषय निघाला पाहुण्याच्या आजारपणाचा. त्याला ताप भरला तर तो काय घेई? मालक म्हणाले, कोबी. रोमन माणसाचं सगळ्या रोगांवर एकच औषध, कोबी. कंपाउंडर या गोष्टीवर दवाखान्याचा माणूस म्हणून नाराज झाला, तेरात तेव्हा कोबी होती का यावर मी शंका काढली, वाद चांगला पेटला आणि मालक हळूच मुलीकडं बघत होते की तिला हसू येतंय का. सुपातला हात थांबवून ताईंनी विचारलं, "त्याची बायकू कुठं व्हती?"

पाहुण्याच्या चपलेच्या अंगठ्यावरून आम्ही भांडलो होतो. त्याच्या बायकोचा विचार एकाच्याही मनात आला नव्हता.

"तिकडंच. रूमला," मालक म्हणाले.

"मग ह्यो हितं तापानं पडलाय हे तिला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार, माय."

"मंजी ती तिकडं सैपाक करून वाट बघत बसली, आन् तुम्ही तिघं हितं त्याला कोबी चारताव."

कंपाउंडर फस्सकन हसला. मालक हसले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मग म्हणाले, "तुजी आई बी आशीच उंबऱ्यात बसायची. इचारायची, काय वाचलालाव? म्या म्हणायचो, तुला काय कळणार त्यातलं." दुसरी काच पुसून म्हणाले, "कळलं आसतं तिला." ताईंनी सूप खाली ठेवलं. मालकांनी चष्मा चढवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "गाडी कवाची हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना स्टँडवर सोडायला मी आणि कंपाउंडर दोघंही गेलो. खिडकीतून मालक मला म्हणाले, "घर हाय तसंच राहू द्या. आन् पाव्हण्याकडं ध्यान ठिवा, त्याला सांज लई जड जाती." पुढं थोड्याच दिवसांत कंपाउंडरची बदली झाली. जाताना तो म्हणाला, "त्या पाणी तापवणाऱ्याला मी संगं नेतो. मालकांचा पाव्हणा तुम्ही संबाळा."

हिवाळ्यात एकदा सोसायटीच्या कामानं कळंबला गेलो तेव्हा मालकांकडं डोकावलो. बाहेर आडत्या जावई पेपर वाचत बसले होते आणि आतून भांडणाचा आवाज येत होता. मालक चुलीपाशी पाटावर, ताई भाकरी थापत, आणि वाद असा की रोमन बाई दुधाचं दही लावी की नाही. मला बघून मालक खूश झाले, "चपला भायेर सोडल्याव का? आन् राजे?" असं विचारून घेतलं, पण त्यांचं अर्धं लक्ष दह्यातच होतं. एवढ्यात ताई म्हणाल्या, "अप्पा, मघाशी कैसर म्हणलाव, घागर उचला." मालक निमूट घागर घेऊन नळावर निघाले. मी सोबत चाललो. त्यांचा चेहरा मी इतका निवांत कधीच पाहिला नव्हता. मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

"पाहुण्याचं काय चाललंय?" मी विचारलं.

"तुम्हाला सांगायचंच राह्यलं," मालक म्हणाले. "त्याला धाडून दिला म्या. पोरीनं लई धरलं व्हतं. बायकू वाट बघत व्हती त्याची. पोचला आसंल आता."

"मग तेरात आता कोण?"

मालक मोठ्यानं हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही हाव की!"

पुढच्या उन्हाळ्यातही पाऊस लांबलाच. मी रोज दुपारी ओट्यावर बसायचो, चपला खाली सोडून, सवयीनं. रोमन माणसं काय खायची हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं, सांगायला कुणी नव्हतं. घागरी कडेला मांडलेल्या असायच्या. भोंगा लांबून यायचा तेव्हापासून मला ऐकू यायचा, आणि रांगेत मी मावशींच्याही आधी उभा असायचो. त्या उन्हाळ्यात माझा एकही टँकर चुकला नाही.